मेंढीची जागा

इलारीची माझी पहिली ओळख झाली ती त्याच्या पाठीमार्फत.

फेब्रुवारीतला रविवार होता. ऊन इतकं लख्ख की बर्फाकडे बघवत नव्हतं. मी हाल्मोहून, म्हणजे आमच्या बेटावरून, गावाकडे निघाले होते. पायानं रेटत न्यायची घसरगाडी, तिच्या पुढच्या बैठकीवर बनांचा डबा. उपासाच्या आधी खायचे ते बन… मधे कापून साय भरलेले, सहा जॅमचे, सहा बदामाचे. सगळे गुनेलमावशीसाठी. गोठलेल्या समुद्रावर दोन्ही बाजूंना फांद्या रोवून आखलेला आमचा हिवाळी रस्ता, त्यावर मी एकटी, मजेत गुणगुणत चाललेली. आणि मागून असा आवाज आला, जणू गावातले सगळे मिक्सर कुणीतरी एकदम चालू केलेत.

वळून बघते तर केशरी रंगाचा एक टब माझ्या दिशेनं आडवातिडवा घसरत येतोय. आतला माणूस जोरजोरात हात हलवतोय. बाजूला हो म्हणून, की नमस्कार म्हणून… काही कळेना. मी उजवीकडे पळाले, टबही उजवीकडे आला. मी डावीकडे, तोही डावीकडे. शेवटी मी डोळे मिटून जागच्या जागी उभी राहिले.

डोळे उघडले तेव्हा तो टब गर्रकन उलटा फिरून माझ्यापासून दोन हातांवर थांबला होता. समोर एक भलामोठा पंखा, पंख्याच्या जाळीपलीकडे लाल लोकरी टोपी आणि एक रुंद पाठ. पंख्याच्या वाऱ्यानं डब्याचं झाकण केव्हाच उडालं होतं, आणि बाराही बन बर्फावर चौफेर पळत होते.

"थांबायचं असलं की याला उलटं वळवावं लागतं," पाठ म्हणाली. "ब्रेक नसतात ना."

"मग असलं काहीतरी घेऊन घराबाहेर पडायचंच कशाला?"

आता पाठ वळली. तिला चेहराही होता. थंडीनं लाल झालेलं नाक, तांबूस दाढी, आणि डोळे असे की आत्ता हसतील की आत्ता माफी मागतील याचा पत्ता लागू नये. तो उतरला, गुडघ्यांवर बसला आणि एकेक बन फुंकून फुंकून डब्यात भरायला लागला.

"हा जॅमचा की बदामाचा?"

"मला काय माहीत? आता सगळे सारखेच दिसतायत."

"थांब, बघतो." आणि त्यानं सरळ एक घास घेतला. "जॅम… आणि हा?" दुसऱ्याचा घास. "बदाम."

"अरे! मावशीला काय उष्टे बन देऊ?"

"तू म्हणालीस ना, माहीत नाही." तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "मला तर अजून हेही ठरवता आलेलं नाही की यातला मला कुठला आवडतो."

हे पहिल्याच दिवशी ऐकलं होतं मी. माणूस ठरवण्याच्या बाबतीत कसा आहे, ते त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं. पण माझं लक्ष कुठे होतं? माझं लक्ष त्या टबाकडे होतं. तो बर्फावरून आला होता, आणि येताना खाडीच्या तोंडाशी, जिथे बर्फ फुटून काळं पाणी दिसत होतं, त्यावरूनही आला होता. त्याच्या ओल्या कडांवरून थेंब गळत होते.

"हे… हे पाण्यावरही चालतं?"

"पाणी, बर्फ, आणि दोन्हींच्या मधलं जे काही असेल ते. हॉव्हरक्राफ्ट म्हणतात. घरीच बांधलंय."

दोन्हींच्या मधलं! आम्हा बेटकरांचा सगळा जीव त्या मधल्यातच तर अडकलेला असतो. दर वसंतात काही आठवडे असे येतात की बर्फावर पाय ठेववत नाही आणि पाण्यात होडी घालवत नाही. ज्याला जिकडे राहायचं त्यानं आधीच तिकडे जाऊन बसायचं. किराणा दुकानातली गुनेलमावशी तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते, "इकडे की तिकडे?" म्हणजे तिला तेवढं पीठ आणि तेवढी कॉफी मागवता येते. मी गावातल्या वृद्धाश्रमात परिचारिका, मावशीच्या दुकानावरच्या खोलीत राहते, शनिवार-रविवारी घरी. गेल्या वर्षी मी "इकडे" म्हणाले. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत तिकडे मेंढ्या व्याल्या. पप्पा एकटे होते. आमची रोसा मेंढी अडली, जनावरांचा डॉक्टर इकडच्या किनाऱ्यावर, मी इकडच्या किनाऱ्यावर, आणि मधे तो न धड बर्फ न धड पाणी. रोसा गेली. तिला उचलताना पप्पांची कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही.

यंदा पप्पांनी सांगून टाकलं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक गिऱ्हाईक बर्फावरच्या स्कूटरमागे हलकी ट्रॉली जोडून येणार, सगळ्या मेंढ्या नेणार. मग घरही विकायचं आणि गावात भाड्यानं राहायचं.

"पप्पा, घर?" मी फोनवर रडकुंडीला आले होते.

"मग काय करू? इथे दगडांशिवाय आहे काय? पुढे दगड, मागे दगड, बटाटे लावायला गेलं तर खाली दगड. दगड कुणी विकत घेत नाही, दीसा. मेंढ्या तरी घेतील."

बन सांडले त्या रविवारी रात्री मी त्यांना पुन्हा फोन केला आणि बर्फावरच्या टबाची गोष्ट सांगितली.

"मार्चच्या त्या रविवारच्या आत ते जे काय आहे ते आपल्या अंगणात येऊन उभं राहिलं," पप्पा म्हणाले, "तर मेंढ्या राहतील."

झालं! माझ्याजवळ साडेचार हजार युरो होते, आणि डोक्यात हॉव्हरक्राफ्टबद्दल शून्य माहिती.

इलारी तलावांच्या मुलखातून शरदात आमच्या किनाऱ्यावर आला होता. जुन्या होडीघरात बोटींच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याचा तो केशरी टब एकट्यापुरता होता, आणि त्याचं इंजिन वाटेत दोनदा बंद पडायचंच. मला त्याच्यासारखंच, पण जरा मोठं आणि जरा शहाणं यंत्र हवं होतं.

"तयार घ्यायचं म्हणशील तर…" त्यानं आकडा सांगितला.

"एवढ्यात माझं घर येईल रे!"

"म्हणून बांधायचं. आता ऐक. मनात जो खर्च धरला असशील, तो दीडपट कर. कानांवरची झापडं, तरंगायची जाकिटं, विमा, ओढून न्यायची ट्रॉली… लोक इंजिनाचे पैसे धरतात आणि नटबोल्टांत बुडतात." तो जमिनीवर खडूनं रेघा मारत होता. "आणि दुसरं. इथे पैशांपेक्षा वजनाचा हिशोब कडक. फुकट मिळालं म्हणून काही आणू नकोस."

मी नेमकं तेच केलं. पुढच्या शनिवारी मी पप्पांच्या होडीसाठी ठेवलेल्या ओकच्या जाड फळ्या घसरगाडीला बांधून, घाम गाळत, आठ किलोमीटर ओढत आणल्या. होडीवाल्यांच्या घरची मी… तळ म्हणजे जाडजूड पाहिजे, हे मला पाळण्यापासून माहीत.

इलारीनं त्या फळ्यांवरून प्रेमानं हात फिरवला.

"सुंदर आहेत. यांचं जेवणाचं टेबल करू. यंत्रात घातल्या तर ते उडायचं नाही, बर्फ फोडून तळाला जाईल."

"मग कशाचं करायचं?"

"फोम. वरून पातळ कापड आणि राळ."

"फोम? म्हणजे गादीत असतो तो? पप्पा मला घरात घेणार नाहीत!"

तो हसला. हसताना त्याची दाढी आधी हसायची आणि डोळे मग, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि ते मी का बघत होते, हे मला कळलं नाही.

त्यानंतर माझ्या डोक्याचं जे भजं झालं, ते विचारू नका. सोमवारी इलारी म्हणायचा, एकच इंजिन घेऊ, स्वस्त आणि हलकं. बुधवारी म्हणायचा, दोन बरी. एक खालून हवा भरेल, एक मागून ढकलेल, नवशिक्याला सोपं. मी हिशोबात दुसऱ्या इंजिनासाठी खिडकीची दुरुस्ती आणि नवे बूट कापून टाकले की शुक्रवारी तो पुन्हा एका इंजिनावर.

"कालपर्यंत तर दोन म्हणत होतास!"

"दोन चांगलीच. पण… एक साधं असतं."

"मग एक?"

"एक ठरवायला हरकत नाही. फक्त आजच ठरवू नको."

"इलारी, तू मुलगी बघायला गेलास तर ती म्हातारी होईल!"

"मी अजून कुणाला बघायला गेलेलो नाही," तो खडू झटकत म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "म्हणजे… इंजिनं सोडून."

मी उगाचच हातमोजे घातले आणि उगाचच काढले. शेवटी एकच इंजिन ठरलं, बर्फावरच्या जुन्या स्कूटरचं, तेही त्यानं नव्हे, माझ्या साडेचार हजारांनी ठरवलं. ते तलावांकडून त्याच्या मित्रानं पाठवायचं होतं.

तोवर मी परकर शिवायला घेतला. यंत्राच्या खालून हवा धरून ठेवायला जो रबरी कापडाचा घेर असतो त्याला सगळे स्कर्ट म्हणतात, पण मला तो परकरच वाटायचा. एकसंध नव्हे, साठेक वेगवेगळ्या पिशव्या, एकीला लागून एक. गुनेलमावशीच्या जुन्या शिलाई मशीनवर मी रोज संध्याकाळी बसायचे, आणि इलारी शिवलेल्या पिशव्या बघायच्या निमित्तानं दुकान बंद व्हायच्या वेळेला उगवायचा.

"ही उलटी शिवलीस."

"कुठे उलटी?"

"हे बघ…" तो वाकला. त्याच्या स्वेटरला राळेचा आणि धुराचा वास. त्यानं पिशवी माझ्या हातातच फिरवून दाखवली, आणि पिशवी सरळ झाली तरी आमचे हात तिथेच. मशीनही थांबलेलं. बाहेर छपरावरून वितळलेलं पाणी टपकत होतं… टप्… टप्…

"सुईला सुट्टी दिलीय का रे?" मावशी गल्ल्यावरून ओरडली. आमचे हात असे झटक्यात सुटले की पिशवी खालीच पडली.

बैठकांचा विषय त्याच आठवड्यात निघाला.

"एकाचं करायचं की दोघांचं?" इलारीनं विचारलं. त्या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता, स्क्रू शोधत होता.

"एकाचं स्वस्त ना?"

"बरंच."

"मग… पण अडलेली मेंढी डॉक्टरकडे आणायची झाली तर? मेंढीला जागा हवीच. माझ्या शेजारी, म्हणजे मला तिला धरता येईल."

"मेंढीला," तो म्हणाला. "बरोबर. मेंढीला जागा हवी. किती किलोची असते?"

मी तिथूनच पप्पांना फोन लावला. "सत्तर म्हणतायत."

"मग अठ्ठ्याहत्तर धरू."

"मेंढी काय बसल्या बसल्या वाढते?"

"लोकर… ओली होते. पाणी धरते."

मला पटलं. खरंच पटलं! एवढंच नाही, काही दिवसांनी मेंढीच्या जागेला पाठ टेकायला उशी दिसली तेव्हाही मला पटलं ("गाभण असते, हाल नकोत"), आणि उशीशेजारी कॉफीचा पेला ठेवायची गोल खाच दिसली तेव्हाही ("औषधाची बाटली ठेवायला"). मी घरी जाऊन पप्पांना सांगितलं की पोरगा जनावरांचा फार विचार करतो.

फक्त एका गोष्टीनं मी चक्रावले. एका सकाळी दुकानात उतरले तर इलारी बटाट्यांच्या वजनकाट्यावर उभा. मला बघताच टुणकन खाली उतरला आणि बटाटे न घेताच निघून गेला.

"अठ्ठ्याहत्तर," मावशी काट्याकडे बघत म्हणाली. "आठवड्यात दुसऱ्यांदा वजन करतोय. लग्नबिग्न ठरलंय की काय मेल्याचं?"

दिवसभर मला काही गोड लागलं नाही. त्याचं लग्न ठरलं असेल तर चांगलंच की. मला काय त्याचं? मी दोन आजोबांच्या गोळ्यांची अदलाबदल करता करता वाचले. तलावांकडची असेल कुणीतरी. तीच इंजिन पाठवत असेल, म्हणून येत नाहीये! माझी गाडी अशी कुठल्या कुठे घसरत गेली.

इंजिन खरंच येत नव्हतं. मार्च अर्धा सरला, रस्त्याच्या कडांना पाणी दिसायला लागलं, जड गाड्यांना बंदी झाली. रोज विचारावं तर उत्तर एकच: "येईल." पप्पांनी गिऱ्हाइकाला फोन करून पुन्हा पक्कं केलं. आणि मग एका दुपारी मी इलारीसाठी वाटाण्याचं सूप घेऊन होडीघरात गेले. तो नव्हता. डबा ठेवायला जागा शोधताना मी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली.

खाली इंजिन होतं. स्वच्छ पुसलेलं, तेल घातलेलं, नवी वायर जोडलेलं. वरच्या ताडपत्रीवर तर धूळसुद्धा बसली होती!

तो दारातून आत आला तेव्हा मी तिथेच उभी होते.

"कधी आलं हे?"

त्यानं टोपी काढली. पुन्हा घातली. "बरेच दिवस झाले."

"माझे वडील मेंढ्या विकायला काढतायत, घर विकायला काढतायत, आणि तू इंजिन झाकून ठेवतोस? पैसे कमी पडतायत का? तुझी मजुरी तू हिशोबात धरलीच नाहीस, म्हणून का? सांगायचंस ना! मी काहीही विकलं असतं!"

"मजुरीचा प्रश्न नाही…"

"मग का?"

"इंजिन बसवलं की… संपलं."

"काय संपलं?"

"सगळंच. परकर, राळ, संध्याकाळ…"

"अरे, संपवण्यासाठीच बांधतोय ना आपण!" मी ओरडले. माझे डोळे भरून आले होते, आणि तो काय बोलतोय ते एक अक्षर माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. "तुझ्या भरवशावर बसले मी. मूर्ख ती मीच."

सूप तिथेच टाकून मी निघून आले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. परकर, राळ, संध्याकाळ. रागानं उशी उलटी केली, सुलटी केली. राग त्याचा येत होता की त्या तलावांकडच्या मुलीचा, हेही सांगता येईना.

शनिवारी सकाळी मावशीनं मला हाक मारली. "दीसा, खाली ये. तुझं जहाज आलंय."

धक्क्याजवळच्या बर्फावर ते उभं होतं. निळं. माझा परकर त्याच्या खाली नीट बसलेला, एकही पिशवी उलटी नाही. शेजारी इलारी, डोळे सुजलेले, दाढीत राळ. तीन दिवस झोपला नसावा.

"उद्या गिऱ्हाईक येणार ना," तो म्हणाला. "आज घेऊन जा. बस, शिकवतो."

मी बसले. कानांवर झापडं चढवली, किल्ली फिरवली. परकर फुगला, यंत्र अंग झटकून वर उठलं, आणि माझा सगळा राग क्षणभर विसरून मी किंचाळले. उठलं होतं! गादीतला फोम आणि माझी शिवण, आणि ते उठलं होतं!

पण मग ते डावीकडे कललं. मी डावीकडे बसलेली, उजवीकडची मेंढीची जागा रिकामी. डावा परकर बर्फाला घासायला लागला आणि यंत्र माझ्यासकट गोल फिरायला लागलं. मी दांडा उजवीकडे दाबतेय, ते डावीकडेच गरगर. तिसऱ्या फेरीला मावशी पोट धरून हसताना दिसली, चौथ्या फेरीला इलारी हात हलवताना. मी किल्ली बंद केली.

"तोल दोघांचा धरलाय," तो धावत आला. "बैठक मधे घ्यायची तर तळ कापावा लागेल, आठवडा जाईल. पण काळजी नको, मी सोय केलीय." आणि त्यानं धक्क्याआडून वाळूची पोती आणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… चौथं जरा लहान. "ही मेंढीच्या जागेवर ठेवू. अगदी बरोबर अठ्ठ्याहत्तर किलो."

अठ्ठ्याहत्तर.

मी पोत्यांकडे बघितलं. उशीकडे बघितलं. कॉफीच्या खाचेकडे बघितलं. मला आठवला बटाट्यांचा काटा. आणि कुणीतरी माझ्या डोक्यातली सगळी ताडपत्री एकदम ओढून काढली.

"इलारी. कुठल्या मेंढीचं वजन अठ्ठ्याहत्तर असतं?"

"ओली असली तर…"

"त्या मेंढीला दाढी आहे का रे?"

त्याचं नाक, कान, मान… जे जे दिसत होतं ते सगळं लाल झालं. पोतं त्याच्या हातातच होतं, ते खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"मी ती जागा माझ्या मापाची केली," तो शेवटी म्हणाला. "आणि मग मला भीती वाटली… की तू खरंच तिथे मेंढी बसवशील. म्हणून इंजिन लपवलं. चुकलं माझं. घर जायची वेळ आली होती तुझं, आणि मी… आपल्या संध्याकाळी मोजत बसलो."

"आणि तलावांकडची ती?"

"कोण ती?"

"जिच्याशी तुझं लग्न ठरलंय!"

"माझं?" तो इतका गोंधळला की पोतं पायावर पडलं. "कुणाशी?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मेंढीच्या जागेवर त्यानं आधीच ठेवलेलं पोतं मी दोन्ही हातांनी ढकलून बर्फावर पाडलं.

"मला तू आवडतोस, गाढवा," मी म्हणाले. "फार आवडतोस. मला हे आत्ताच कळलंय, तेव्हा काही विचारू नकोस, माझा अजून सगळा गोंधळ आहे. बस इथे."

तो बसला. उशी त्याच्या पाठीला अशी चपखल बसली की मला पुन्हा हसू आलं.

"दीसा!" मावशी धक्क्यावरून ओरडली. "जाताना सांगून जा गं! यंदा इकडे की तिकडे?"

"माहीत नाही मावशी!" मी ओरडले. "दोन्हीकडे!"

यंत्र सरळ उठलं आणि सरळ गेलं. फांद्या रोवलेला रस्ता सुटला, मऊ पडलेला करडा बर्फ आला, मग खाडीच्या तोंडाशी उघडं काळं पाणी. गेल्या वर्षी ज्याच्या काठावर उभी राहून मी नुसती पलीकडे बघत होते, तेच पाणी. ते आमच्या खालून गेलं आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही. झापडांमुळे काही ऐकू येत नव्हतं. इलारीचे ओठ मात्र बराच वेळ हलत होते.

पप्पा अंगणात उभे होते. थांबण्यासाठी मी यंत्र उलटं वळवलं, त्यामुळे त्यांना आधी आमच्या दोघांच्या पाठीच दिसल्या.

"वाटेत काय बोलत होतास?" मी झापडं काढत इलारीला विचारलं.

"हिशोब करत होतो."

"एवढा वेळ?"

"तुझ्या नावाशीच अडकत होतो पुन्हा पुन्हा."

पप्पा यंत्राभोवती एक चक्कर मारून आले. तळाला बोटानं टकटक केलं, फोम आहे हे ओळखलं आणि तोंड वाकडं केलं. परकराची शिवण मात्र दोनदा बघितली. मग मेंढीच्या जागेवरून उतरणाऱ्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं.

"मेंढीसाठी जागा केलीय म्हणाली होतीस ना?"

"हो पप्पा."

"हं." त्यांनी खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की उद्या यायची तसदी घेऊ नका. कारण दिलं नाही. गोठ्यातून एका कोकराचं बारीक बें बें ऐकू आलं. पहिलं सकाळीच झालं होतं.

"संध्याकाळी मला परत सोडशील ना?" इलारी हळूच म्हणाला. "सोमवारी दोन मोटारी द्यायच्यात."

"सोडते की. पण… मग परत येताना तुझी जागा रिकामी. मी गोल गोल फिरेन."

"मग मी येतो ना तुझ्याबरोबर परत."

"मग तुला पुन्हा सोडायला यावं लागेल."

"हो. आणि मग परत…" तो थांबला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. कितीही वेळा मांडलं तरी गणित सुटत नव्हतं. "पोती आणायला हवी होती," तो म्हणाला.

"धक्क्यावर राहिली. एव्हाना मावशीनं ती वाळू निसरड्यावर पसरलीही असेल."

मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो अगदी प्रामाणिकपणे पप्पांकडे वळला. "वजनाला ठेवायला इथे एखादा दगड मिळेल का?"

पप्पांनी सभोवार बघितलं. दारापुढचा खडक, दगडी पायऱ्या, गोठ्याची दगडी भिंत, बटाट्याच्या वाफ्यातून आयुष्यभर वेचून रचलेला तो डोंगराएवढा ढीग. मग माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले होते.

"दगड?" पप्पा म्हणाले. "छे. या बेटावर औषधालासुद्धा दगड मिळायचा नाही."

आणि ते कॉफी टाकायला आत गेले. तिघांची.